पेस्टो कीटोत बसतो का?

हा संगमरवरी खल बघा. इटलीच्या लिगुरिया भागात जेनोवा शहर आहे, तिथे पारंपरिक पेस्टो, म्हणजे बेसिलची हिरवी चटणी, अशाच खलात करतात. आधी लसूण वाटून घ्यायचा, मग जाडं मीठ आणि बेसिलची पानं, आणि ही पानं दणादण कुटायची नसतात, लाकडी बत्ता खलाच्या कडेकडेने गोल फिरवत पानं दाबत दाबत मोडायची म्हणजे रंग हिरवा राहतो, काळपट पडत नाही. मग पाइन नट्स, मग किसलेलं पार्मेजान आणि सार्डिनियाचं पेकोरिनो चीज, आणि शेवटी ऑलिव्ह ऑइलची धार. झाल्या सात वस्तू. पीठ नाही, साखर नाही, बटाटा नाही.

आता कीटोवाल्यांचा, म्हणजे अगदी कमी कार्ब्स आणि भरपूर फॅटचा आहार घेणाऱ्यांचा, नेहमीचा प्रश्न, हे चालेल का? माझं सरळ उत्तर आहे, हो, आणि मस्त चालेल, फक्त पेस्टो कुठला आणि तो कशावर घालताय हे बघावं लागतं.

कीटोमध्ये नेट कार्ब्स, म्हणजे फायबर वजा करून उरलेले कार्बोहायड्रेट, दिवसाला साधारण 20 ते 50 ग्रॅमच्या आत ठेवतात, मग शरीर इंधनासाठी चरबीकडे वळतं आणि लिव्हर त्या चरबीपासून कीटोन्स बनवायला लागतं. वजन कमी करायचं फॅड म्हणून हे आत्ता गाजतंय, पण मुळात हा आहार अपस्मारासाठी म्हणजे फिट्ससाठी होता, 1921 साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी त्याला कीटोजेनिक डाएट हे नाव दिलं.

चला, हिशोब करू. 60 ग्रॅम बेसिल, 30 ग्रॅम पाइन नट्स, 50 ग्रॅम पार्मेजान, 20 ग्रॅम पेकोरिनो, लसणाच्या एक-दोन पाकळ्या आणि 80 मिली तेल. बेसिलमध्ये कार्ब्स अर्धा-पाऊण ग्रॅम. पाइन नट्समध्ये फायबर वजा करून तीनेक ग्रॅम. लसणाला लोक उगाच घाबरतात, एका पाकळीत एक ग्रॅमच्या आसपास असतात आणि ती पाकळी सगळ्या पेस्टोत वाटली जाते. मुरलेल्या चीजमध्ये लॅक्टोज जवळपास उरतच नाही, तरी हातचं राखून दोन ग्रॅम धरा. तेलात शून्य. म्हणजे सगळे मिळून सहा-सात ग्रॅम, आणि एवढ्यात सोळाएक मोठे चमचे पेस्टो होतो, म्हणजे चमच्याला अर्धा ग्रॅमसुद्धा नाही! फॅट मात्र चमच्याला सात ग्रॅम. अपस्माराच्या क्लासिक कीटोत चार ग्रॅम फॅटला प्रोटीन आणि कार्ब्स मिळून एक ग्रॅम असं प्रमाण असतं, आणि आपला पेस्टो काहीही न करता तीनास एकपर्यंत पोचतो. मला तर हे फार भारी वाटतं, कारण कीटोवाले फॅट वाढवायला नुसतं लोणी चाटत बसतात आणि इथे चवीसकट फॅट मिळतंय. (पण घरात कोणी फिट्ससाठी या आहारावर असेल तर एक चमचासुद्धा डायटिशियनला विचारूनच, तिथे ग्रॅम ग्रॅम मोजलेलं असतं.)

आता बरणी. दुकानातली बरणी उचलली की पुढचं लेबल सोडा, मागे फिरवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, जे जास्त ते आधी. बऱ्याच बरण्यांत ऑलिव्हऐवजी सूर्यफुलाचं तेल असतं, पाइन नट्स महाग म्हणून काजू असतात, आणि कधी कधी बटाट्याचे फ्लेक्स, साखर किंवा ग्लुकोज. यात काजूचं लक्षात ठेवा, 100 ग्रॅम काजूत नेट कार्ब्स 27 च्या आसपास, पाइन नट्समध्ये नऊ-दहा, अक्रोडात सातच. म्हणून स्वस्तात करायचं असेल तर अक्रोड घाला, बिनधास्त. लाल पेस्टोत उन्हात वाळवलेले टोमॅटो असतात आणि टोमॅटो वाळला की त्यातली साखर एकवटते, त्यामुळे तो जपून घ्या.

अजून एक गोष्ट, ही फार लोकांना माहीत नसते. युरोपातल्या लेबलवर जे कार्बोहायड्रेट लिहितात त्यातून फायबर आधीच वगळलेलं असतं, अमेरिकेत ते धरलेलं असतं. म्हणजे इटलीहून आलेल्या बरणीच्या आकड्यातून परत फायबर वजा केलं तर हिशोब चुकला. आणि अमेरिकेत एका सर्व्हिंगला अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी कार्ब्स असले की शून्य छापता येतात, म्हणून सर्व्हिंग किती ग्रॅमचं धरलंय तेही वाचा.

खरी गडबड होते ती पेस्टोच्या खाली. जेनोवात तो त्रोफिए नाहीतर त्रेनेत्ते पास्त्यात घालतात, सोबत उकडलेला बटाटा आणि फरसबी. 100 ग्रॅम कोरड्या पास्त्यात कार्ब्स सत्तरच्या वर, म्हणजे एका ताटात तुमचा अख्खा दिवस संपला आणि वर उधारी. म्हणून पास्त्याऐवजी झुकिनीच्या लांब पट्ट्या घ्या, त्यात 100 ग्रॅमला दोनच ग्रॅम नेट कार्ब्स, मीठ लावून पाणी सोडू द्या आणि पुसून घ्या, नाहीतर पेस्टो पातळ होऊन ताटात पसरतो. फ्लॉवर चालतो, मशरूम, चिकन, मासा, मोझरेला, सगळं चालतं. माझं सगळ्यात आवडतं म्हणजे अंडं, तव्यात तेल न घालता चमचाभर पेस्टो मंद आचेवर पसरायचा आणि त्यातच अंडं फोडायचं, कडा कुरकुरीत होतात आणि चीज खाली खरपूस लागतं, करून बघाच.

कॅलरी मात्र विसरू नका. चमच्याला सत्तरच्या वर, आणि बरणीतून थेट खाताना चार चमचे कधी गेले कळत नाही. कीटोसिस, म्हणजे शरीर चरबीपासून कीटोन्स बनवत असण्याची अवस्था, टिकेल, पण वजन उतरवायचं असेल तर चमचा मोजूनच घ्यावा लागेल.

उरलेला पेस्टो फ्रीजमध्ये ठेवताना वर तेलाचा पातळ थर द्या, हवा लागली की तो काळा पडतो, आणि चार-पाच दिवसांत संपवा. जास्त दिवस ठेवायचा तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका क्यूबचं वजन एकदा काट्यावर करून डब्यावर लिहून ठेवा, मग दर वेळी मोजायची कटकट नाही.