पाण्यातून वर आल्यावर

(दृश्य : फेब्रुवारीतली सकाळ. मिरजेजवळ कृष्णेचा काठ. कमरेएवढ्या पाण्यात दोघे उभे.)

या दिवसांत कृष्णा उतरलेली असते, संथ असते. नदीवर बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती होण्याचा पाण्यातला विधी, देणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या थंडी-उन्हाळाच धरतात. जुलै-ऑगस्टमध्ये कोणी पाण्यात पाय घालत नाही. 2019 आणि 2021 चे पूर पाहिलेल्या सांगली-मिरजेला त्याचं कारण सांगावं लागत नाही.

पाणी कमरेच्या थोडं वर हवं. गुडघाभर पाण्यात मोठा माणूस पुरता बुडत नाही, छातीच्या वर पाणी गेलं की पाय सुटतात. म्हणून आदल्या दिवशी कोणीतरी काठीने तळ चाचपून येतो, गाळ किती आणि खड्डा कुठे ते बघून ठेवतो. बाप्तिस्मा घेणाऱ्याने नाकाशी रुमाल धरायचा. पाळकांचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचा, एक हात त्याच्या पाठीवर, मानेच्या खाली. ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ हे शब्द होतात, माणूस मागे झुकतो, पाण्याखाली जातो, वर येतो. सगळे मिळून दहा-पंधरा सेकंद. सगळ्याच मंडळ्या असं बुडवत नाहीत. सहा मंडळ्या एकत्र येऊन 1970 मध्ये जी सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली, तिथे डोक्यावर पाणी ओतूनही बाप्तिस्मा होतो, आणि तान्ह्या बाळाचाही होतो.

मोबाइलवर शूटिंग होतं ते या दहा-पंधरा सेकंदांचं. माणूस बदलतो तो मात्र त्याच्या आधीच्या काही महिन्यांत आणि नंतरच्या वर्षभरात, आणि तेही रडतखडत.

(दृश्य : उपासनामंदिराची पडवी. चटईवर पाच-सहा जण, हातात पवित्र शास्त्र.)

बाप्तिस्म्याच्या वर्गात सुरुवात बहुधा मार्ककृत शुभवर्तमानाने करतात. येशूचं चरित्र सांगणाऱ्या चारही शुभवर्तमानांत ते सर्वांत लहान, 16 अध्यायांचं. आठवड्याला एक अध्याय धरला तर चार महिने लागतात. या काळात पाळकांचं अर्धं लक्ष शिकवण्याकडे आणि अर्धं एका प्रश्नाकडे असतं : हा माणूस आलाय कशासाठी? ख्रिस्ती मुलीशी लग्न ठरलंय म्हणून? आजार बरा झाला म्हणून? मिशनच्या दवाखान्यात चिकटता येईल म्हणून? यातलं कुठलंही कारण आलं म्हणून जाणता पाळक माणसाला परत पाठवत नाही. पण घाईही करत नाही. आजार बरा झाला म्हणून आलेला माणूस पुढच्या आजारपणात निघून जातो, हे त्याने पाहिलेलं असतं.

मग लूककृत शुभवर्तमानाच्या 19 व्या अध्यायातला जक्कय येतो. जकातदारांचा मुखिया, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरतो, आणि जक्कय उभा राहून आकडे सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत. वर्गात ही गोष्ट सगळ्यांना आवडते. पाळक स्वतःच्या हिशेबाची वही काढायला सांगतात, तोवर.

(दृश्य : दूध संकलन केंद्र. कॅन, मापं, चिठ्ठी छापणारं मशीन. जवळून : चिठ्ठीवरचे आकडे.)

वहीत कोणाची उचल राहिलेली असते, कोणी भावाच्या बांधावर सरी चढवलेली असते. दुधाचंच बघू. गाईच्या दुधाचा दर 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) या पायावर धरतात. असल्या दहा लिटर दुधात एक लिटर पाणी गेलं, तर फॅट 3.2 च्या आत येते आणि एसएनएफ 7.7 वर. चिठ्ठी लगेच बोलते, दर पडतो किंवा कॅन परत येतो. म्हणून डेअरीला घालायचं दूध बहुतेक सरळ असतं. पाणी जातं रतिबाच्या दुधात, कारण रतिबाच्या घरी मशीन नसतं. तिथे शेजारीण पातेलं पुढे करते आणि विश्वासावर दूध घेते.

म्हणून ‘लबाडी सोडली’ अशी साक्ष मंडळीपुढे उभं राहून देणं सोपं. रतिबाच्या पातेल्यात पडणाऱ्या दुधाची साय ही खरी साक्ष. आणि इथेच बरेचजण अडखळतात, कारण पाणी थांबवलं की महिन्याचा हिशेब बिघडतो आणि हप्ता तेवढाच राहतो. अशा माणसाला पहिल्याच महिन्यात दशमांशाचा, म्हणजे कमाईचा दहावा भाग मंडळीला देण्याचा, तगादा लावणारी मंडळी चुकते. कर्ज काढून दिलेला दशमांश पुढे कडवट होतो.

दारूची गोष्ट याहून नाजूक. रोज भरपूर पिणाऱ्याने एका रात्रीत बाटली फोडली की टाळ्या पडतात. पण शरीर टाळ्या वाजवत नाही. पहिल्या 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भास होतात, अंग कापतं, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. प्रार्थना करावी, आणि त्याच दिवशी डॉक्टरही गाठावा. टीबीच्या सहा महिन्यांच्या गोळ्या, बीपीच्या, साखरेच्या गोळ्या ‘प्रभूने बरं केलं’ म्हणून मध्येच बंद करणं हाही असाच घातक उत्साह. ज्या मिरजेत विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरने 1894 मध्ये दवाखाना उभा केला, तिथे तरी हे वेगळं सांगायला लागू नये. लागतं.

(दृश्य : गावची जत्रा. ढोल, गुलाल, चुलीवर मोठी पातेली.)

घरचा प्रश्न सर्वांत अवघड. जत्रेचं बोकड पडलंय, पाव्हणे जमलेत, आणि नवा विश्वासी ताटावर अडून बसलाय. करिंथ शहरात पहिल्या शतकात हाच प्रश्न होता. ख्रिस्ताचा प्रेषित पौल याने तिथल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात त्याचं उत्तर लिहिलं : बाजारात विकतात ते खा, कोणी जेवायला बोलावलं तर समोर येईल ते चौकशी न करता खा, मात्र ‘हे मूर्तीला वाहिलेलं आहे’ असं कोणी सांगितलं तर खाऊ नका. तरी जत्रेच्या पंगतीत बसावं की नाही, यावर पाळकापाळकांत मतभेद आहेत. एका बाबतीत मात्र जाणत्यांचं एकमत असतं. देव्हारा आईवडिलांचा आहे, त्याला हात लावायचा नाही. पहिल्या जोशात देव उचलून नदीत सोडणाऱ्याने त्या घराचं दार पुढची दहा वर्षं बंद केलं असं समजावं. आणि वडील थकले असतील तर त्यांच्यामागे अग्नी कोण देणार, केस कोण उतरवणार, हे भावांशी आधीच बोलून ठेवावं. स्मशानात हा वाद काढू नये.

(दृश्य : सातारा. अजिंक्यताऱ्यावरून दिसणारं शहर.)

घरच्यांशी न बोलता बाप्तिस्मा घेतला की काय होतं, ते मराठी माणसाला कवी नारायण वामन टिळकांच्या घरावरून ठाऊक आहे. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, पत्नी लक्ष्मीबाईंना अंधारात ठेवून. नवरा-बायको काही वर्षं वेगळी राहिली. लक्ष्मीबाई पुढे ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या पायाने आणि स्वतःच्या वेळेला. तेच टिळक 1917 मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला आले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही ख्रिस्तशिष्यांसाठी. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. त्यांचे अभंग, त्यांची भजनं आजही इकडच्या उपासनेत टाळ-तबल्यावर म्हणतात.

कागदाचंही बघावं लागतं. राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, 1956 पासून शिखांना आणि 1990 पासून बौद्धांना आहे, ख्रिस्ती झालेल्याला नाही. अनुसूचित जमातीला ही अट नाही. मनाने ख्रिस्ती राहून केवळ सवलतीसाठी हिंदू म्हणवणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये म्हटलं. वडिलांच्या मिळकतीतला स्वतःचा वारसा धर्म बदलल्याने जात नाही. पण धर्मांतरानंतर झालेली मुलं, वारसा उघडतेवेळी हिंदू नसतील, तर हिंदू आजोबा-काकांची वारस ठरत नाहीत. लग्न आपोआप मोडत नाही, मात्र हिंदू जोडीदाराला याच कारणावरून घटस्फोट मागता येतो. ज्या वर्गात हे सांगत नाहीत, तो वर्ग अपुरा.

(दृश्य : पुन्हा फेब्रुवारी. गोठा, दारात बाज, बाजेवर म्हातारी.)

वर्षाने पाळकसाहेब घरी येतात. मुलगा साक्ष द्यायला उत्सुक असतो. ते त्याला चहा सांगायला आत पाठवतात आणि आईजवळ बसतात. ती उपासनेला येत नाही, देव्हाऱ्यात सकाळचं फूल ताजं आहे.

‘‘पोरगा कसा वागतोय, मावशी?’’

ती पदर सारखा करते.

‘‘भांडत न्हाई आता. खरं, रतिबाचं दूध कमी पडाय लागलंय बघा.’’