चाळीसचे शंभर

(दृश्य: लंडनमधली एक निवासी गल्ली. दोन्ही कडांना लागलेल्या गाड्या. भुरभुर पाऊस.)

या गल्लीत दुकान नाही, कचेरी नाही. पण पाच मिनिटांवर ट्यूबचं, म्हणजे भुयारी रेल्वेचं स्टेशन आहे, आणि सगळी गोम तिथंच आहे. बाहेरची माणसं सकाळी इथं गाडी टाकून शहरात जायची, आणि इथं राहणाऱ्याला स्वतःच्या दारात जागा मिळायची नाही. मग काउन्सिलनं, म्हणजे इथल्या पालिकेनं, नियंत्रित पार्किंग क्षेत्र आखलं: ठरलेल्या वेळी परवान्याशिवाय इथं गाडी लावायची नाही. काही ठिकाणी हे नियंत्रण दिवसातून जेमतेम तासभर असतं. तेवढं पुरतं. दिवसभर गाडी ठेवून जाणारा त्या एका तासापायी आपोआप गळतो. युक्ती नामी आहे, हे मान्य करायलाच हवं.

राहणाऱ्यानं मात्र वर्षाचं परमिट काढायचं, आणि पाहुणा आला की त्याच्या गाडीला व्हाउचर लावायचं.

(दृश्य: व्हाउचर अगदी जवळून. नाण्यानं खरवडणारी बोटं.)

काही ठिकाणी हे व्हाउचर लॉटरीच्या तिकिटासारखं असायचं. नाण्यानं महिना खरवडा, तारीख खरवडा आणि काचेआड ठेवा. घाईत भलताच चौकोन खरवडला, तर ते गेलं वाया.

2011 साली उत्तर लंडनच्या बार्नेट काउन्सिलनं पहिल्या गाडीचं परमिट 40 पौंडांवरून 100 पौंडांवर नेलं. पाहुण्यांचं व्हाउचर 1 पौंडाचं 4 पौंड झालं. गाडीवाल्याची कीव कुणाला फारशी येत नाही, ते ठीक. पण चौपट दराचा हा चटका, जिच्याकडे गाडीच नाही त्या आजीलाही बसतो. तिची मुलगी भेटायला येते, ती गाडीनंच.

लोक चिडले. ‘महाग झालं हो’ एवढंच म्हटलं, तर अशा वेळी कोणत्याही काउन्सिलकडं उत्तर तयार असतं. खर्च वाढलाय, सरकारी अनुदान घटलंय, शेजारचं काउन्सिल तर याहून जास्त घेतं. तक्रार करणारा तिथंच अडकतो.

बार्नेटच्या एका रहिवाशानं वेगळ्या जागी बोट ठेवलं: दर वाढवलात, तो कशासाठी? आणि हाच प्रश्न घेऊन तो उच्च न्यायालयात गेला.

(दृश्य: कायद्याच्या पुस्तकाची पानं.)

रस्त्यावरच्या पार्किंगचे पैसे घ्यायचा अधिकार काउन्सिलला मिळतो तो 1984 च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यातून. वाहनं आणि पादचारी सुरळीत, सुरक्षित ये-जा करू शकावेत, गाड्यांना पुरेशी जागा मिळावी, हा त्याचा हेतू. कलम 122 मध्ये तो लिहूनच ठेवलाय. पार्किंगमधून शिल्लक उरली, तर ती कुठं खर्चायची तेही कलम 55 सांगतं. बार्नेटनं याच कलमाचा आधार घेतला. जादा पैसे आम्ही वाहतुकीच्याच इतर कामांवर, म्हणजे रस्तेदुरुस्ती आणि सवलतीच्या प्रवासावर घालणार, मग आमचं चुकलं कुठं? वरवर पाहता बिनतोड वाटतं.

जुलै 2013 मध्ये न्यायमूर्ती लँग यांनी निकाल दिला: दरवाढ बेकायदा. व्यवस्था चालवताना शिल्लक उरली, तर ती एक गोष्ट. शिल्लक पडावी म्हणूनच दर चढवणं ही दुसरी. हा कायदा महसूल गोळा करण्यासाठी केलेला नाही. अगदी घरगुती भाषेत सांगायचं, तर किराणा आणून उरलेली मोड खिशात राहणं वेगळं, आणि खिसा भरावा म्हणून किराण्याचा हिशेब फुगवणं वेगळं.

म्हणून दरवाढ होणारच नाही, असं नाही. वाहतुकीचं सबळ कारण दाखवलं, तर आजही दर वाढवता येतात. गर्दी आवरायची असेल, धूर कमी करायचा असेल, तर कायद्याची आडकाठी नाही. लंडनमधल्या अनेक काउन्सिलांत तर परमिटचे दर गाडीच्या धुरावरच ठरतात. आणि नुसता दर बदलायचा असेल, तर इंग्लंडमध्ये नव्यानं हरकती मागवाव्याच लागतात असंही नाही. 21 दिवस आधी स्थानिक वर्तमानपत्रात सूचना छापली की झालं. मुलाखतींच्या आणि जाहिरातींच्या मधे, बारीक टायपात.

(दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. उघडं वर्तमानपत्र, चष्मा. बोट त्या चौकटीतल्या ओळींवरून सरकतं.)

जुना दर. नवा दर. लागू होण्याची तारीख. कारणाच्या ओळीवर बोट थांबतं.