काठी एकसंध घ्यावी की दोन तुकड्यांची?

श्रोतेहो, नमस्कार.

गरवायचा, म्हणजे गळाने मासे धरायचा, नाद लागला की पहिल्या काही महिन्यांत कसलीही काठी चालते. मग एखादी मोठी तांबोशी किंवा जिताडा दोरी तोडून खडपात शिरतो आणि चांगली काठी घ्यायचं मनात येतं. दुकानात पहिलाच प्रश्न उभा राहतो: सिंगल पीस की टू पीस? सल्ला देणारे बहुतेक जण म्हणतात, सिंगल पीसच घ्या, जोड आला की काठी कच्ची. हा सल्ला एका काळी खरा होता. आज कोकणच्या किनाऱ्यावर उभं राहून गरवणाऱ्या बहुतेकांसाठी तो चुकीचा ठरतो.

जुन्या बांबूच्या आणि पहिल्या फायबरग्लासच्या काठ्यांना पितळेचे किंवा निकेल-सिल्व्हर नावाच्या (तांबं, निकेल आणि जस्ताच्या) मिश्रधातूचे जोड असत. काठी वाकायची, पण धातूची ती नळी वाकायची नाही. त्यामुळे भार येताच वाकाच्या मधोमध ताठ पट्टा राहायचा आणि सगळा ताण नळीच्या दोन्ही टोकांशी साचून काठी तिथेच मोडायची. शिवाय धातूचं वजन मध्यावर आल्यामुळे फेकताना काठी जड लागायची. पुढे फायबरग्लासचाच जोड आला. 1973 मध्ये अमेरिकेतल्या फेनविक कंपनीने ग्रॅफाइटची, म्हणजे आपण ज्याला कार्बन म्हणतो त्या धाग्याची काठी बाजारात आणली. आता जोडही त्याच धाग्याचा असतो आणि काठीबरोबर वाकतो. चांगल्या बनावटीच्या 7 फुटी काठीत जोडामुळे वाढणारं वजन काही ग्रॅमच असतं. डोळे मिटून दोन्ही काठ्या हातात घेतल्या, तर फरक सांगणं अनुभवी माणसालाही अवघड जाईल.

म्हणून निवड करताना आधी घरापासून पाण्यापर्यंतचा रस्ता बघा. 7 फूट म्हणजे 213 सेंटीमीटर. एवढी एकसंध काठी छोट्या मोटारीत डॅशबोर्डच्या कोपऱ्यापासून मागच्या काचेपर्यंत तिरकी बसते, पण मग मागच्या सीटवर माणूस बसवता येत नाही. स्कूटरवर ती मागे झेंड्यासारखी उभी राहते. एसटीत ती ठेवायला जागाच नसते. तीच काठी दोन तुकड्यांची असली, तर प्रत्येक तुकडा साधारण 110 सेंटीमीटरचा होतो आणि एसटीच्या रॅकवर आडवा बसतो. काठ्या माशाने मोडण्यापेक्षा मोटारीच्या दारात, घरातल्या पंख्यात आणि गाडीच्या टपावर जास्त मोडतात. काठी जेवढी लांब, तेवढा हा धोका जास्त.

प्रवासातला दुसरा धोका त्याहून गंभीर आहे. कार्बनमधून वीज वाहते. मुंबईची लोकल असो की कोकण रेल्वे, रुळांवरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात. तारेला काठी लागावीच लागते असं नाही, ती पुरेशी जवळ गेली तरी वीज झेप घेते. प्लॅटफॉर्मवर, पादचारी पुलावर किंवा फाटकातून जाताना जोडलेली लांब काठी उभी धरून चालू नका. खाडीच्या बांधावरून कधीकधी विजेच्या तारा खाली झोळलेल्या असतात, तिथेही तेच. दोन तुकड्यांची काठी घेतली असेल, तर पाण्याशी पोचल्यावरच जोडा. पावसाळी ढगात वीज चमकायला लागली, की कोणतीही कार्बनची काठी खाली ठेवून तिच्यापासून दूर व्हा.

आता कुठे कोणती काठी लागते ते पाहू. खाडीच्या मुखाशी आणि जेटीवर लुअरने, म्हणजे नकली आमिषाने, जिताडा, तांबोशी किंवा गोब्रा धरायचा असेल, तर 7 फूट ते साडेसात फूट पुरतात. इथे दोन तुकड्यांची काठी निर्धास्त घ्या. वाळूच्या किनाऱ्यावरून रावस किंवा शेंगाळ्यासाठी 100 ते 150 ग्रॅमचं शिसं लाटांच्या पलीकडे फेकायचं असेल, तर 10 ते 12 फुटांची काठी लागते. 12 फूट म्हणजे 366 सेंटीमीटर, तेवढी एकसंध काठी कुठून नेणार? ती दोन किंवा तीन तुकड्यांचीच घ्यावी लागते. तीन तुकड्यांची घेतली, तर एकेक तुकडा साधारण 125 सेंटीमीटरचा होतो. काळुंदरासारख्या छोट्या माशासाठी तरंगी लावून बसायचं असेल, तर टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या, काठीने भागेल. लुअर फेकण्यासाठी मात्र ती घेऊ नका. तिच्यात पाच-सहा जोड असतात आणि वाळूचा कण शिरला की ती धड उघडत नाही, धड मिटत नाही.

एकसंध काठीचा खरा मान होडीवर आहे. होडीतून 20-30 मीटर खोल पाण्यात जिग (धातूचा जड लुअर) सोडायचा असेल, तर 6 फुटांची किंवा त्याहून आखूड काठी लागते. मासा तळातल्या दगडाकडे धावतो, काठी सरळ खाली वाकते आणि हा ताण मिनिटभर सुटत नाही. तिथे मध्ये जोड नसलेला बरा. होडी गावात असेल आणि काठीही तिथेच ठेवता येत असेल, तर प्रवासाचा प्रश्नच येत नाही.

या दोन्हींच्या मधला एक तिसरा प्रकार आहे आणि माझ्या मते त्याची चर्चा फार कमी होते. यात काठीचा वरचा लांब भाग एकसंध असतो आणि जोड फक्त मुठीशी, रिळाच्या जवळ असतो. वाकणाऱ्या भागात जोड नाही, त्यामुळे वाक पूर्ण मिळतो. खडपावरून मोठ्या कोकरासाठी 8-9 फुटांची पॉपिंगची (पाण्याच्या पृष्ठभागावर उडणारा लुअर फेकायची) काठी घ्यायची असेल, तर हाच प्रकार बघा. अडचण इतकीच की वरचा तुकडा लांब राहतो. 8 फुटांची काठी असेल, तर तो तुकडा 6 फुटांच्या आसपास भरतो. मोटार असेल तर उत्तम, एसटीने जाणाऱ्याला अर्धे-अर्धे तुकडेच सोयीचे.

दुकानात दोन तुकड्यांची काठी बघताना जोड कोणत्या प्रकारचा आहे ते आधी ओळखा. प्लंबर पाइपाला म्हणतात तसे इथेही नर आणि मादी असे दोन भाग असतात. सर्वांत जास्त दिसतो तो प्रकार म्हणजे वरच्या तुकड्याचं पोकळ तोंड खालच्या तुकड्याच्या निमुळत्या टोकावर बसतं. दुसऱ्या प्रकारात खालच्या तुकड्यातून वेगळी चिकटवलेली खुंटी बाहेर आलेली असते आणि वरचा तुकडा तिच्यावर बसतो. या खुंटीच्या जोडात दोन तुकड्यांमध्ये अर्धा ते एक सेंटीमीटर फट राहते. ती दोष नाही, मुद्दाम ठेवलेली असते. वापराने खुंटी झिजते, तसतसा वरचा तुकडा खाली सरकतो आणि पकड टिकून राहते. नव्या काठीत ही फट अजिबात नसेल, तर ती घेऊ नका. झिजायला जागाच नाही, म्हणजे काही महिन्यांत जोड ढिला होईल.

मग काठी जोडा, मूठ धरून हलकेच झटका द्या आणि कान द्या. टकटक आवाज आला, तर जोड ढिला आहे. मादीच्या तोंडाभोवती दोऱ्याचं घट्ट वेष्टन आणि त्यावर गुळगुळीत लेप हवा. कार्बनचे धागे मुख्यतः लांबीच्या दिशेने असतात, त्यामुळे तोंड फाटतं ते उभं, आणि हे वेष्टन त्या फाटण्याला आवळून धरतं. दुकानदाराला एक गोष्ट जरूर विचारा: वरचा तुकडा मोडला तर सुटा मिळेल का? एकाच मॉडेलच्या दोन काठ्यांचे तुकडे आपापसात बसतीलच असं नाही, त्यामुळे घेताना दोन्ही तुकडे एकाच जोडीचे आहेत ना, हे बसवून पाहा.

जोड मोडतो तो बहुधा बसवण्यातल्या घाईमुळे. नर भाग अर्धवटच आत गेला असेल, तर काठी वाकल्यावर सगळा दाब मादीच्या पातळ कडेवर येतो आणि कड चिरते. म्हणून आधी दोन्ही भाग कोरड्या फडक्याने पुसा. दोन्ही तुकड्यांवरच्या रिंगा, म्हणजे दोरी ओवायच्या कड्या, एका रेषेत न ठेवता काटकोनात ठेवा, तुकडा आत ढकला आणि ढकलताना पाव वळसा देत रिंगा सरळ रेषेत आणा. रिळाकडून एका डोळ्याने बघून ओळ तपासा. रिंग धरून कधीही पिळू नका, तिचा पाय वाकतो. फेकी सुरू झाल्यावर दर 20-25 फेकींनंतर जोड हाताने चाचपा. प्रत्येक फेकीत वरचा तुकडा किंचित पुढे सरकतो आणि लक्ष नसेल तर लुअरबरोबर तोही पाण्यात जातो.

जोड वारंवार सुटत असेल, तर नर भागावर साधी पांढरी मेणबत्ती घासा आणि बोटाने पसरून पातळ थर ठेवा. मेण बारीक खाचा भरतं, पकड देतं आणि वाळूला आत येऊ देत नाही. तेल किंवा ग्रीस लावू नका, त्याने जोड घसरतो आणि वाळू चिकटते. पॉलिश पेपर तर अजिबात नको, निमुळता उतार एकदा बिघडला की तो परत आणता येत नाही.

मासेमारी संपली की काठी लगेच सोडवा, घरी गेल्यावर नाही. जोडात गेलेलं खारं पाणी वाळलं, की मिठाचे खडे होतात आणि दोन्ही तुकडे एकमेकांना घट्ट धरतात. अडकलेला जोड एकट्याला सोडवायचा असेल, तर काठी गुडघ्यांच्या मागे आडवी धरा, हात गुडघ्यांच्या बाहेरून जोडाच्या दोन बाजूंना ठेवा आणि गुडघे हळूहळू फाकवा. ओढ सरळ रेषेत लागते आणि झटका बसत नाही. दोघे असाल तर दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने एक हात वरच्या आणि एक हात खालच्या तुकड्यावर ठेवायचा, मग मिळून ओढायचं. एकाने एक टोक आणि दुसऱ्याने दुसरं धरून ओढलं, तर जोड सुटताक्षणी काठीला हिसका बसतो. हात सरकत असतील तर रबरी हातमोजे घाला किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा. तरीही सुटला नाही, तर जोडावर गोडं पाणी ओता, दहा मिनिटं थांबा, मग हाताला सोसेल इतकं गरम पाणी ओतून पुन्हा ओढा. मीठ विरघळतं, मेण मऊ होतं. पक्कड लावू नका, आच दाखवू नका.

घरी दोन्ही तुकडे गोड्या पाण्याने धुऊन, मादीचं तोंड खाली करून वाळू द्या. कापडी पिशवीत ओले ठेवले, तर रिंगांचे पाय गंजतात. आणि मादीच्या तोंडाशी केसाएवढी चीर दिसली, तर त्या काठीने पुढची फेक करू नका. दुरुस्ती करणाऱ्याकडून त्यावर दोऱ्याचं नवं वेष्टन करून घ्या, चीर अजून वेष्टनाच्या आत असेल तोवरच ते जमतं.