टू की फॉर? 'साठी' आलं की थांबा! | लग्न, नोकरी, पुढचे प्लॅन इंग्लिशमध्ये

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त हेच विचारलंत, की ताई, लग्न, बाळ, नोकरी, रिटायरमेंट हे इंग्लिशमध्ये कसं सांगायचं आणि पुढचे प्लॅन कसे बोलायचे. तर आज तेच घेऊ.

शब्द पटापट घेते, कारण ते बऱ्याच जणांना येतात. जन्म झाला, वॉज बॉर्न, इज बॉर्न नाही. साखरपुडा, गेट एंगेज्ड. लग्न, गेट मॅरिड आणि त्यापुढे टू, विथ नाही, आपण 'त्याच्याशी लग्न झालं' म्हणतो ना, त्या 'शी'मुळे विथ तोंडात येतं. पदवी घेतली, ग्रॅज्युएट फ्रॉम. पुढचं बोलताना खात्री असेल तर विल, कदाचित असेल तर मे किंवा माइट, आणि तिन्हींच्या मागोमाग साधं क्रियापद. शी माइट गेट मॅरिड इन डिसेंबर. माइट टू गेट नाही. झालं.

आता गाडी अडते तिथे येऊया. आमच्या दांडिया बाजारातल्या क्लासला एक काकू येतात, बासष्ट वर्षांच्या, लेक कॅनडात, नातू व्हायचाय. त्यांनी वहीत लिहिलं होतं, आय विल गो टू कॅनडा फॉर सी माय ग्रँडसन. त्या फॉरवर खोडरबर एवढा फिरवला होता की कागद पातळ झालेला, आणि त्याच जागी परत फॉरच लिहिलेला. काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं, काय ते सापडत नव्हतं. मला फार वाईट वाटलं, कारण त्यांना हे कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

चूक त्या 'साठी'ची आहे. आपण दुधासाठी पण म्हणतो आणि दूध आणण्यासाठी पण म्हणतो, इथे बडोद्यात शेजारी गुजरातीत दूध माटे, दूध लेवा माटे म्हणतात, तिथेही दोन्हीकडे एकच माटे. इंग्लिशमध्ये तसं नाही. 'साठी' नावाला लागलं तर फॉर, क्रियापदाला लागलं तर टू. आय वेंट टू खंडेराव मार्केट फॉर व्हेजिटेबल्स, बरोबर. फॉर बाय व्हेजिटेबल्स, चूक. फॉर टू बाय तर अजिबात नाही. टू बाय व्हेजिटेबल्स, बस.

तरी गोंधळ होतो? मग दुसरी युक्ती घ्या. वाक्यात 'आणायला, भेटायला, शिकायला' असं 'यला' बसतंय का बघा. आणण्यासाठी म्हणजे आणायलाच ना? 'यला' बसलं की टू. मी भाजी आणायला गेले, टू बाय. दुधासाठीचं 'यला' होतं का? नाही होत, म्हणून फॉर.

आणि परत सांगते, कारण यावर रोज कमेंट येते. एका दादांनी लिहिलंय, ताई, दिस नाइफ इज फॉर कटिंग फ्रूट हे तर पुस्तकात आहे, मग तुम्ही फॉर चूक कसं म्हणता? छान प्रश्न आहे दादा, मनापासून. तिथे सुरी कशाच्या कामाची ते सांगितलंय, वस्तूचा उपयोग, तिथे फॉर आणि आयएनजी चालतं. पण माणूस कुठे गेला, कशाला गेला, हे सांगताना टू. सुरी कापायच्या कामाची, तुम्ही सुरी घेतली कापायला. आय टूक अ नाइफ टू कट द फ्रूट.

अजून एक जण म्हणतात, समोरच्याला कळतं की, मग कशाला एवढं? कळतं, मान्य. पण व्हिसाच्या खिडकीवर व्हाय आर यू ट्रॅव्हलिंग विचारलं की उत्तर पहिल्याच शब्दात नीट यावं असं मला वाटतं. टू सी माय ग्रँडसन. किंवा फॉर अ वेडिंग. दोन्ही बरोबर, का ते आता तुम्हीच सांगाल.

सरावाला आपल्याच गावातलं घ्या. कमाटीबागेत गेलात की आठवा, सयाजीराव महाराजांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला गेले. कशाला? शिकायला. ही वेंट टू न्यूयॉर्क टू स्टडी अॅट कोलंबिया युनिव्हर्सिटी. १९१७ मध्ये परत आले, बडोद्याला नोकरी करायला. ही केम टू बरोडा टू वर्क. त्या नोकरीत त्यांना राहायला जागा मिळू दिली नाही, ते सांगायचं तर वेगळा व्हिडिओ लागेल, आणि तो मी करणार आहे.

काकूंनी परवा नवीन वाक्य आणलं, आय माइट स्टे टिल मार्च टू हेल्प माय डॉटर. यात माइटही आहे, टूही आहे, आणि कागद एकदम कोरा, खाडाखोड नाही.

आता तुमचं एक वाक्य खाली लिहा, पुढच्या वर्षी कुठे जाणार किंवा कदाचित जाल, आणि कशाला. रात्री जेवणं झाली की मी बसून तपासते, फॉर दिसला की उत्तर येईलच.