रूळ कोण सांभाळतं?

(दृश्य : नाशिकरोड, पहाट. पादचारी पुलाखालून मालगाडी जाते.)

या पुलावर उभं राहून मालगाडीचे डबे मोजायचे, हा इथल्या प्रत्येक पोराचा खेळ. आम्हीही खेळलो. रुळांकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं.

(दृश्य : भिंतीवर ताणलेली पांढरी चादर, सतरंजीवर बसलेली माणसं.)

याच वस्तीतल्या एका घरात आम्ही अधूनमधून सिनेमा बघायला जमतो. या वेळी होता ‘स्नोपियर्सर’, दिग्दर्शक बाँग जून-हो, साल २०१३. मूळ कथा १९८० च्या दशकातल्या एका फ्रेंच चित्रकथेची.

(दृश्य : वहीतली पेन्सिलची चित्रं. लांबलचक गाडी, भोवती बर्फ.)

पृथ्वीचा ताप उतरवायला आकाशात रसायन फवारलं, ते अंगाशी आलं आणि सगळं गोठलं. वाचलेली माणसं एका आगगाडीत आहेत. सतरा वर्षं गाडी थांबलेली नाही. पुढच्या डब्यांत सुशी, शाळा, बाग. शेवटच्या डब्यांत अंधार आणि खायला काळ्या वड्या. त्या वड्या झुरळांच्या, हे सिनेमा दाखवतो. झुरळं काय खाऊन जगतात, ते राहून गेलंय. तिथे आम्ही फार अडलो नाही.

(दृश्य : आप्पांचा चेहरा, चादरीवरचा उजेड त्यावर हलतोय.)

हे आप्पा. रेल्वेतून निवृत्त, शेवटची बरीच वर्षं इगतपुरीकडे कीमन, म्हणजे रोज चालत रूळ तपासणारा. सिनेमा निम्मा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, “यांचा कीमन कुठंय?”

(दृश्य : थळ घाट, महामार्गावरून. बोगद्यातून बाहेर येणारी गाडी.)

कसारा ते इगतपुरी. १८६५ पासून या घाटातून गाड्या चढतायत. चढ सदतिसाला एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की गाडी एक मीटर वर. म्हणून कसाऱ्याला मागून जादा इंजिनं जोडतात. बँकर म्हणतात त्यांना. मागून लोटणारी ही इंजिनं सगळ्यांना दिसतात, लोक त्यांचे फोटो काढतात.

(दृश्य : आप्पांचे हात. हातोडा, पाना, घडी घातलेला लाल झेंडा.)

कीमन दिसत नाही. आप्पांचा पट्टा सहा किलोमीटरचा. जाताना एका रुळावर नजर, येताना दुसऱ्या. रुळाखालच्या आडव्या स्लीपरला रूळ धरून ठेवते ती चावी. गाडीच्या धक्क्याने ती सुटते, ठोकून पुन्हा बसवायची. ढिली असेल तर हातोड्याचा आवाजच बदलतो. बोल्ट आवळायचे, खडी सरकली असेल तर कळवायचं. उन्हाळ्यात लोखंड वाढतं आणि रूळ बाजूला फुगू बघतो. पावसाळ्यात दरड. थंडीत लोखंड आखडतं आणि जोडापाशी तडकतं, म्हणून थंडीच्या रात्री गस्त वेगळी. “थंडीतला रूळ सगळ्यात दगाबाज,” आप्पा म्हणतात.

आणि त्या सिनेमात तर थंडीशिवाय काही नाहीच.

(दृश्य : कागदावर आकडे लिहिणारा हात.)

सिनेमातल्या लोहमार्गाची लांबी ४,३८,००० किलोमीटर. वर्षाला एक फेरी. वर्षाच्या ८,७६० तासांनी भागा, ताशी बरोबर ५० किलोमीटर येतात. इतका नेटका हिशेब करणाऱ्यांनी पुढचा भागाकार केला नाही. सहा किलोमीटरला एक माणूस धरला तर कीमनच लागतील ७३,०००. रूळ दुरुस्त करणारी गँग वेगळी, पूल तपासणारे वेगळे.

बरं, बाहेर जाणार कोण? शिक्षा म्हणून एकाचा हात डब्याबाहेर काढतात, तर सात मिनिटांत तो दगडासारखा गोठतो.

(दृश्य : पेन्सिलचं चित्र. चाकांच्या खाचेत बसलेलं लहान मूल.)

हे खुसपट नाही. शेवटी उलगडतं ते काय? इंजिनाचे भाग झिजले, नवे मिळत नाहीत, म्हणून त्या जागी शेवटच्या डब्यातली लहान मुलं बसवलीत. सगळ्या क्रौर्याचं मूळ झिजेत आहे, असं सिनेमा स्वतःच सांगतो. मग इंजिन झिजतं आणि रूळ झिजत नाहीत? एका स्फोटाने बर्फाचा कडा कोसळून गाडी घसरते, तसा कडा सतरा वर्षांत एकदाही रुळावर आला नाही?

आम्हाला त्याहून मोठी वाटते ती फट अशी : शेवटच्या डब्यातल्या मोठ्या माणसांना कामच नाही. मधूनच एखादा व्हायोलिनवाला पुढे नेतात, बाकीचे नुसते मोजले जातात. ज्याला राबवायचं नाही त्याला कोणी सतरा वर्षं पोसत नाही. ही माणसं रूळ राखणारी असती, तर एक दिवस हातोडा खाली ठेवला की गाडी थांबली असती. बंड करायला इंजिनापर्यंत पोचावंच लागलं नसतं. दिग्दर्शकाची प्रत्येक चौकट आम्हाला आवडली, आणि म्हणूनच हे डाचतं.

(दृश्य : घाटातलं वळण, धुकं. आवाज नाही.)

या वळणावर आप्पांच्या गँगमधले एक जण गाडीखाली गेले. धुकं होतं.

(दृश्य : पुन्हा चादर. आप्पा उठून पडद्याजवळ जातात.)

नव्या वर्षाच्या दिवशी गाडी पुलावर येते आणि आडवा आलेला बर्फ फोडत जाते. आप्पांनी हे दृश्य तीनदा मागे न्यायला लावलं. आम्ही इंजिनाकडे बघत होतो. ते चाकांखाली बोट दाखवत होते.