लाल दोऱ्याचं फळ

(दृश्य: सकाळ. परसातला वाफा. बांबूंना सुतळीने बांधलेली टोमॅटोची झाडं.)

पानांना नुसता हात लागला तरी बोटं हिरवी-पिवळी होतात आणि एक उग्र वास चिकटतो. टोमॅटोत वावरलेल्या माणसाला तो डोळे मिटूनही कळतो.

हा आमचा गावरान टोमॅटो. विदर्भात भेदरं म्हणतात, आमच्याकडची जुनी माणसं टंबाटं. चपटा, फाका पडलेला, आंबट, आणि साल इतकी पातळ की पिशवीत दाबला गेला तर फुटलाच. नारायणगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून क्रेट भरभरून जातो तो संकरित टोमॅटो. त्याला ट्रकचा प्रवास सोसायचा असतो. आमच्या फळाला चुलीपर्यंत वीस पावलं. सार करावं तर याचंच!

(दृश्य: रोप लावणारे हात.)

गणपती उठले की बी टाकायचं. महिन्याभरात रोप वीतभर होतं. लावताना खालची पानं खुडून अर्धं खोड मातीत पुरायचं. पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. पुढे बगलफूट, म्हणजे पानाच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, काढत राहायचं आणि पाणी मात्र बेताचं, नेमाने द्यायचं. एकदा कोरडं पाडलं आणि मग भसाभसा पाणी सोडलं, की फळाचं बूड काळं पडतं. रोग समजून मी दोन हंगाम फवारण्या केल्या. पाणी नियमित नसल्याने फळाला कॅल्शियम मिळत नव्हतं, एवढंच.

(दृश्य: देठाला लाल दोरा बांधलेलं फळ.)

संक्रांतीच्या सुमारास फळं लागतात हाताशी. निरोगी झाडावरच्या सगळ्यात देखण्या फळाला मी लाल दोरा बांधतो. ते खायचं नाही. चांगलं पोटात आणि उरलंसुरलं बियाण्याला, असं केलं की वाण उतरत जातो. टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागावर फळतं, म्हणून गावरान बी आईच्या वळणावर जातं. संकरित फळाच्या बियांची तशी खात्री नाही.

फळ पुरतं पिकलं की आडवं चिरायचं. बीभोवतीचं बुळबुळीत आवरण उगवण रोखून धरतं, म्हणून गर वाटीत काढून, थोडं पाणी घालून दोन-तीन दिवस आंबवायचा. वर पांढरट साय धरते, घरभर वास सुटतो, सुटू द्यावा. मग खळखळून धुतलं की भरीव बी तळाशी बसतं, पोचट तरंगतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशाच घरच्या बियाण्यांची बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते.

(दृश्य: स्टीलची ताटली, वाळलेल्या बिया.)

कागदावर बी चिकटून बसतं, म्हणून ताटली. सावलीत कडक वाळलं की हलवल्यावर सळसळतं. प्रत्येक बीवर बारीक लव दिसते. कागदी पुडी, वर नाव आणि वर्ष. कोरडं राहिलं तर चार वर्षांनीही उगवतं.

यंदा सात पुड्या झाल्या. दोन घरी ठेवल्या, पाच आळीत वाटल्या. एखाद्या वर्षी आमचं बियाणं बुडालं, तर त्यांच्या दारी मागायला जाता येईल.