गल्ल्यावरचा नकार

श्रोतेहो, नमस्कार.

एका देशातील सामान्य माणसे दुसऱ्या देशातील माणसांच्या न्यायासाठी, आपल्या सरकारने सांगितलेले नसतानाही, काही करू शकतात का, असा आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विषय परिषदा आणि ठराव यांची यादी वाचून मांडता येतो. परंतु तशी यादी मी वाचू लागलो तर तुम्ही रेडिओ बंद कराल आणि मी तुम्हाला दोष देऊ शकणार नाही. म्हणून मी तुम्हाला आयर्लंडच्या राजधानीत, डब्लिन शहरातील हेन्री स्ट्रीट या बाजाररस्त्यावर नेणार आहे. तिथे एका मोठ्या दुकानात, गल्ल्यावर, १९ जुलै १९८४ या दिवशी जे घडले, ते सांगण्याची मला फार दिवसांची हौस आहे.

त्याआधी थोडी पूर्वपीठिका. दक्षिण आफ्रिकेत १९४८ पासून वर्णभेद हे राज्याचे अधिकृत धोरण होते. गांधीजींच्या चरित्रामुळे तो देश आपल्याला शाळेपासून माहीत असतो, त्यामुळे अधिक खुलासा करत नाही. तेथील भारतीयांवर लादलेल्या जाचक जमीन कायद्यामुळे आपल्या देशाने १९४६ मध्येच, म्हणजे स्वातंत्र्याच्याही आधी, त्या देशाशी व्यापार तोडला होता. पण तो सरकारी निर्णय होता. सामान्य माणसांना उद्देशून आवाहन आले ते १९५९ मध्ये. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेस या तेथील संघटनेचे अध्यक्ष अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशातील लोकांना सांगितले की, आमच्या देशाचा माल घेऊ नका. त्या वर्षी २६ जून रोजी लंडनमध्ये झालेल्या सभेत पुढे टांझानियाचे राष्ट्राध्यक्ष झालेले ज्युलियस न्येरेरे आणि दक्षिण आफ्रिकेत काम केलेले इंग्रज धर्मगुरू फादर ट्रेव्हर हडलस्टन बोलले, आणि बहिष्काराची चळवळ सुरू झाली. पुढच्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे पोलिसांनी निदर्शकांपैकी ६९ माणसे गोळ्या घालून मारली, तेव्हा ती चळवळ वाढली. श्रोतेहो, एवढे लक्षात असू द्या: आवाहन तिकडून आले होते. ज्यांच्यावर अन्याय होत होता, त्यांनीच ते केले होते.

आता हेन्री स्ट्रीटवर येऊ. दुकानाचे नाव डन्स स्टोअर्स. तेथील विक्रेत्यांच्या कामगार संघटनेने त्या वर्षी आपल्या अधिवेशनात ठराव केला होता की, सदस्यांनी दक्षिण आफ्रिकेचा माल हाताळू नये. असे ठराव जगभर होत असतात, आणि बहुतेक ठराव इतिवृत्ताच्या वहीतच सुखाने नांदतात. संघटनेची पत्रके सूचनाफलकावर लागतात आणि कोणी वाचत नाही. आपल्याकडेही याहून वेगळे नाही, किंबहुना सूचनाफलक वाचणाऱ्या माणसाकडे आपण थोडे संशयानेच पाहतो. हेन्री स्ट्रीटवर मात्र कॅरन गियरन नावाची तरुण कामगार प्रतिनिधी होती, आणि तिने ते पत्रक आपल्या सहकाऱ्यांना वाचून दाखवले.

त्या दिवशी गल्ल्यावर मेरी मॅनिंग बसली होती. वय २१. तिच्यासमोर एका ग्राहक बाईंनी दोन ग्रेपफ्रूट ठेवले. ग्रेपफ्रूट म्हणजे आपल्या पपनसाच्या गोतातले, पण आकाराने लहान असे फळ. त्यांवर ‘आउटस्पॅन’ अशी चिठ्ठी होती, म्हणजे माल दक्षिण आफ्रिकेचा. मेरीने नम्रपणे सांगितले की, बाकी सर्व वस्तूंचे पैसे मी घेईन, पण या दोन फळांची नोंद मी करू शकत नाही. दोन फळे, श्रोतेहो. फक्त दोन फळे. व्यवस्थापनाने तिला बोलावून घेतले, विचार बदलण्यास सांगितले, आणि तिने तो बदलला नाही तेव्हा तिला कामावरून निलंबित केले. तिच्यामागोमाग कॅरन आणि इतर सहकारी बाहेर पडले. सगळे मिळून दहा-अकरा जण, आणि त्यांतल्या बहुतेक तरुण मुली. त्यांना वाटले होते की हे आठवड्या-दोन आठवड्यांत मिटेल. तो संप दोन वर्षे नऊ महिने चालला.

मला ही कथा आवडण्याचे कारण पुढे आहे. या मुली काही जागतिक राजकारणाच्या अभ्यासक नव्हत्या. मेरीने स्वतःच नंतर सांगितले आहे की, वर्णभेदाविषयी त्यांना तेव्हा फारशी माहिती नव्हती. दुकानातील कडक शिस्तीचा आणि अपमानास्पद वागणुकीचा त्यांना कंटाळा आलेला होता, आणि संघटनेने सांगितले म्हणून त्यांनी ते केले. अशा माणसाला आपल्याकडचे विद्वान लगेच हिणवतात. ‘यांना विषय तरी कळला आहे का?’ असे विचारतात. नव्हता कळला. बाहेर पडल्यावर कळला.

आणि तो कळला निमरॉड सेजाके यांच्यामुळे. सेजाके हे दक्षिण आफ्रिकेतील कृष्णवर्णीय कामगार नेते. लोखंड आणि पोलाद कामगारांची संघटना त्यांनी चालवली होती, १९५६ च्या राजद्रोहाच्या प्रसिद्ध खटल्यात नेल्सन मंडेलांसह ते आरोपी होते, आणि १९८४ मध्ये ते आयर्लंडमध्ये निर्वासिताचे जीवन कंठत होते. संप सुरू झाल्यावर ते दुकानासमोर आले. गोरी मुले-मुली आपल्या देशातील काळ्या माणसांसाठी पदपथावर उभी आहेत, हे पाहून त्यांना नवल वाटले, आणि ते त्यांच्या रांगेत उभे राहिले. पुढे ते नेमाने येत राहिले. परवान्याशिवाय काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरता कसे येत नाही, वस्त्या कशा उठवल्या जातात, मळ्यांवर मजुरी किती मिळते, हे त्यांनी त्या मुलींना डब्लिनच्या पावसात उभ्या उभ्या सांगितले. तिथून पुढे दोन फळांचा प्रश्न संघटनेच्या आदेशाचा राहिला नाही. तो त्या मुलींचा स्वतःचा झाला.

संपकऱ्यांना संघटनेकडून आठवड्याला २१ पौंड मिळत. त्यात घर चालत नाही, हे ज्यांनी कधी संप पाहिला आहे त्यांना सांगायला नको. येणारेजाणारे शिव्या देत, काही जण थुंकतही असत, आणि बहुतेक ग्राहक त्यांना ओलांडून दुकानात जात. ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण अशा कथा सांगताना जनतेचा पाठिंबा पहिल्या दिवसापासून होता असे भासवण्याची आपल्याला खोड असते. तो नव्हता. पुष्कळ महिने नव्हता.

डिसेंबर १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदविरोधी धर्मगुरू बिशप डेस्मंड टुटू शांततेचे नोबेल पारितोषिक स्वीकारण्यासाठी ओस्लोला निघाले होते. वाटेत लंडनला त्यांनी या संपकऱ्यांची भेट घेतली. आतापर्यंत ज्यांना आपल्या शहरातील वृत्तपत्रेही फारशी विचारत नव्हती, त्यांना नोबेल विजेता भेटला, म्हणून वृत्तपत्रे जागी झाली. टुटू यांनी त्यांना आपल्या देशात येण्याचे निमंत्रण दिले. जुलै १९८५ मध्ये त्यांपैकी काही जण खरोखरच विमानाने जोहान्सबर्गला पोहोचले. तिथे विमानतळावरच सशस्त्र पहाऱ्यात त्यांना सुमारे आठ तास अडवून ठेवले आणि परत पाठवून दिले. दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या मुलींना एवढे मोठे राज्य बंदुका घेऊन अडवते, ही बातमी आयर्लंडमध्ये पोहोचली, आणि कालपर्यंत त्यांना ओलांडून जाणाऱ्या पुष्कळ लोकांचे मत तिथून पालटू लागले. त्याच वर्षी मेरी मॅनिंगने संयुक्त राष्ट्रांच्या वर्णभेदविरोधी समितीपुढे भाषण केले. अखेर १९८६ च्या शेवटी आयर्लंडच्या सरकारने दक्षिण आफ्रिकेतून येणाऱ्या फळे-भाजीपाल्यावर बंदी जाहीर केली, आणि एप्रिल १९८७ मध्ये संप संपला.

मंडेला १९९० मध्ये तुरुंगातून सुटले आणि त्याच वर्षी डब्लिनला आले. हेन्री स्ट्रीटवरील या तरुणांच्या नकारामुळे आपल्याला तुरुंगात आशा आणि प्रेरणा मिळाली, असे त्यांनी सांगितले.

आता एक आक्षेप, जो त्या काळी लंडनपासून वॉशिंग्टनपर्यंत घेतला जात होता. बहिष्काराने तेथील काळ्या मजुरांचेच काम जाईल, मग तुम्ही कोणाचे भले करता, असा तो आक्षेप. तो पोकळ नव्हता. त्याचे उत्तर मात्र लुथुली यांनी १९५९ मध्येच देऊन ठेवले होते: आम्हाला हाल सोसावे लागतील, पण त्यामुळे रक्तपाताचा काळ कमी होणार असेल तर ती किंमत आम्ही देऊ. म्हणून मी मघाशी म्हणालो की आवाहन तिकडून आले होते, आणि पुन्हा म्हणतो, तिकडून आले होते. ज्याला झळ बसणार त्याने मागितलेली मदत आणि आपण परस्पर ठरवलेले परोपकार यांत मला जमीन-अस्मानाचे अंतर वाटते. आज दूरच्या देशांविषयी कळवळ्याने बोलणारे पुष्कळ जण त्या देशातील एकाही माणसाला काही विचारत नाहीत.

त्या दोन फळांनी वर्णभेद कोसळला असे मात्र कोणी म्हणू नये. तो मोडला तेथील लोकांनी, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्या लोकांच्या वस्तीतील विद्यार्थ्यांनी, खाणकामगारांनी, आणि त्यासाठी प्राण दिलेल्या असंख्य माणसांनी. बाहेरच्यांनी त्या राजवटीला जगात एकटे पाडले. हॉलंडमध्ये त्याच आउटस्पॅन फळांविरुद्ध १९७० च्या दशकात एक भित्तिपत्रक निघाले होते, ज्यात रस काढण्याच्या भांड्यावर संत्र्याऐवजी काळ्या मुलाचे डोके दाखवले होते. ब्रिटनमधील विद्यार्थी वर्षानुवर्षे बार्कलेज बँकेत खाती उघडत नव्हते, आणि १९८६ मध्ये त्या बँकेने दक्षिण आफ्रिकेतील आपला व्यवसाय विकला. आपल्या टेनिस संघानेही १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेशी खेळण्यास नकार दिला. तो निर्णय सरकारचा, पण हातातोंडाशी आलेला चषक अमृतराज बंधूंच्या संघाचा गेला. खेळ आणि राजकारण वेगळे ठेवा असे सांगणाऱ्यांना मी हा चषक नेहमी आठवून देतो.

वेळ थोडा उरला आहे, म्हणून एकच आणखी. स्कॉटलंडमध्ये ईस्ट किलब्राइड येथे रोल्स-रॉइसचा विमानांची इंजिने दुरुस्त करणारा कारखाना होता. सप्टेंबर १९७३ मध्ये चिलीच्या लष्कराने आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथवताना ज्या हॉकर हंटर जातीच्या विमानांनी राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादावर बॉम्ब टाकले, त्याच जातीच्या चिलीच्या विमानांची इंजिने १९७४ मध्ये दुरुस्तीला या कारखान्यात आली. बॉब फुल्टन या कामगाराने ती ओळखली आणि हात लावण्यास नकार दिला, आणि इतर कामगार त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ती इंजिने चार वर्षे आवारात उघड्यावर गंजत पडली होती. १९७८ मध्ये एका रात्री ती गुपचूप उचलून नेली गेली, आणि आपल्या नकाराने काही साधले की नाही हे त्या कामगारांना कळले नाही. डब्लिनच्या मुलींना निदान बंदी आणि मंडेला दोन्ही पाहता आले. फुल्टन आणि त्यांच्या सोबत्यांना चिलीच्या सरकारने सन्मानपदक दिले ते २०१५ मध्ये, इंजिने कारखान्यात आल्यानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.